तीन थापा

"मान टाक, संयोगिता! मान!"

ती पाण्याखाली होती आणि मी कमरेइतक्या पाण्यात तिची उलटी बोट धरून उभी होते. खालून बुडबुडे आले, मग वल्ह्याचं टोक आलं, मग लाल हेल्मेट आणि त्याखालची ती ताठ, जाडजूड मान. मान वर आली, पण बोट होती तिथेच उलटी राहिली. मग मानही परत खाली गेली. मी बोट पोटाशी घेऊन सरळ केली. संयोगिता मगदूम नाकातून पाणी गाळत हसत होती.

"पुन्हा डोकं आधी काढलंस."

"काढलो व्हय?"

"काढलंस. किती वेळा सांगू? आधी कंबर, मग छाती, डोकं सगळ्यात शेवटी. डोकं जड असतं बाई. ते आधी उचलायला गेलीस की बोट तुला खाली घेऊन जाणारच."

"वस्ताद, मान टाकली की कुस्ती गेली. ल्हानपनापास्नं ह्येच शिकलोय मी. आता तुमी म्हनतासा मान टाक. ती ऐकंना त्याला मी काय करू?"

कोल्हापूरकडच्या पुष्कळ मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. संयोगिता तर पैलवानच. गुडघा फाटल्यावर तिची कुस्ती सुटली होती आणि ती पूर आला की माणसं काढणाऱ्या एका पथकात शिरली होती. त्या पथकाचे पाच जण कयाक शिकायला आमच्याकडे कोलाडला, कुंडलिकेवरच्या कॅम्पात आले होते. माझं नाव उल्का, पण बाकीचे मला मॅडम म्हणत. ही तालमीतल्यासारखी वस्ताद म्हणायची. मी दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

कयाक म्हणजे एका माणसाची लांबट, अरुंद बोट. तिच्यात कमरेपर्यंत घुसायचं आणि कमरेभोवती रबराचं झाकण ताणून बसवायचं, म्हणजे पाणी आत येत नाही. झाकणाला पुढे एक पट्टा असतो. तो ओढला की झाकण निघतं आणि माणूस सुटतो. पण नदीत उलटलं की प्रत्येक वेळी सुटून चालत नाही. बोटीत बसल्या बसल्या, वल्ह्याचा एक फटका आणि कमरेचा एक झटका देऊन परत सरळ व्हायचं. त्याला रोल म्हणतात. नवख्यांना तो शिकवणं हा माझा धंदा. आजही आहे.

"तुमी एकदा करून दाखवा की," संयोगिता म्हणाली. "बघितलं म्हंजी मानंला कळंल."

"दिगू दाखवेल," मी म्हटलं.

दिगंबर मोकल आमचा दुसरा शिक्षक. तो झोपेत कूस बदलावी तसा रोल करायचा. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि या अंगानं बुडून त्या अंगानं वर आला. पथकानं टाळ्या वाजवल्या. मी लगेच दुसऱ्याची बोट धरायला गेले, कारण मला एका जागी उभं राहवत नव्हतं. त्या दिवसांत मला कुठेच उभं राहवत नव्हतं.

मी दाखवणार नव्हते, कारण मला भीती वाटत होती. ती कुणाला सांगितली नव्हती.

दसऱ्यानंतर आम्ही पाहुण्यांची एक राफ्ट, म्हणजे हवा भरलेली मोठी बोट, घेऊन खाली चाललो होतो. पुढे मी, मागे दिगू, दोघंही कयाकमध्ये. पाहुणा पडला तर उचलायला, आणि आमच्यातलं कुणी अडकलं तर दुसऱ्यानं काढायला. एका धावत्या पाण्याखालच्या भोवऱ्यात मी उलटले. त्यात काही विशेष नव्हतं, दिवसातून दहादा उलटायचे. पण वल्ह्याचं पातं दगडांच्या फटीत बसलं. एकदा झटका दिला, बोट हलली नाही. पुन्हा दिला. मग पट्टा चाचपडू लागले आणि तो सापडेना. सगळं हिरवं होतं ते काळं झालं. कशी सुटले ते आठवत नाही. वर आले तेव्हा दिगूच्या हातात माझ्या जॅकेटची कॉलर होती आणि तो म्हणत होता, "काय मॅडम, गटांगळी?"

मी हसले. पण मनात एकच गोष्ट रुतून बसली. मी खाली मरत होते आणि हा तिथे नव्हता. राफ्टमधल्या मुलींना फुशारक्या मारत असेल, दुसरं काय. मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की भांडण होतं, आणि भांडायलाही मला बळ नव्हतं.

त्यानंतर मी पाण्याखाली गेले नाही. पहाटे कुणी उठायच्या आत डोहात बोट काढून पाहायचे. एका अंगाला कलायचे, कान पाण्याला टेकायचा, आणि हात आपोआप किनाऱ्यावरचा दगड धरायचे. मग दिवसभर कारणं. पाठ भरलीय. कानात बुरशी झालीय, डॉक्टरांनी डोकं भिजवायला नको म्हटलंय. शिकवायला काय, काठाशी उभं राहून शिकवता येतं. पण जी स्वतः उलटी होऊ शकत नाही तिनं लोकांना धावत्या पाण्यात नेणं म्हणजे फसवणूक. पनवेलला माझा मावसभाऊ ट्रॅव्हल ऑफिस चालवतो. तो केव्हाचा म्हणत होता, खुर्ची रिकामी आहे, पंखा आहे, ये. मी त्याला हो म्हणून टाकलं होतं. ही बॅच संपली की निघायचं. नदी संपली.

दुसऱ्या दिवशी मी पथकाला अडचणीत काय करायचं ते शिकवलं.

"उलटे झालात, रोल येत नाही, तर घाबरून पट्टा ओढू नका. हात वर घ्या आणि बोटीच्या बुडावर तीन थापा मारा. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. मग दोन्ही हात बोटीच्या दोन्ही अंगांनी पाण्याबाहेर काढा आणि पुढे-मागे हलवत राहा. शेजारचा माणूस आपल्या बोटीचं नाक तुमच्या हाताशी आणून देईल. ते धरा आणि उठा."

इंगवले म्हणून पथकाचे म्होरके होते, पन्नाशीचे, मिशीवाले. त्यांनी हात वर केला. "आनि कोन आलंच न्हाई तर?"

"येतं कुणीतरी," मी म्हटलं. आवाज मलाच खोटा वाटला. दिगू काठावर दोर गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही.

संध्याकाळी मी चहाचा पेला घेऊन येरझाऱ्या घालत होते, तेव्हा संयोगिता येऊन दगडावर बसली. तिची वेणी पिळून खांद्यावर टाकलेली.

"वस्ताद, एक इचारू? राग येनार न्हाई न्हवं?"

"विचार."

"दोन दिस झालं बघतोय. आमी सगळी चिंब. दिगूभाऊ चिंब. तुमचं डोस्कं एकदाबी भिजलं न्हाई."

"कान दुखतोय."

"कुटला?"

मी डाव्या कानाला हात लावला.

"सकाळी उजवा म्हनला व्हतासा."

मला असा संताप आला की पेला फेकावासा वाटला. "तू रोल शिकायला आलीयस की माझे कान मोजायला?"

ती हसली नाही. पाय लांब करून तिनं उजवा गुडघा दाखवला. त्यावर शिवणीसारखी खूण होती.

"ह्यो फाटला. मग बरा झाला. डाक्टर म्हनलं, उतर तालमीच्या हौद्यात. वस्ताद म्हनलं, उतर. मी म्हनायचो दुखतोय. कवाच बरा झाला व्हता वो. पर परत त्योच आवाज येईल, कट् करून, ह्येचं भ्या वाटायचं. मग सुटलीच कुस्ती."

"मग?"

"मग काय? अजून गावात मैदान भरलं, हलगी वाजाया लागली की घरात बसवत न्हाई. जेवान जात न्हाई. उगंच ह्या खोलीतनं त्या खोलीत फिरतोय." तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. "तुमी आत्ता फिरत व्हतासा तसं."

तिनं माझा रिकामा पेला उचलला आणि निघून गेली. पनवेलला हलगी वाजत नाही, मी मनाशी म्हटलं. पण पनवेलहून कोलाडकडे जाणाऱ्या एखाद्या गाडीच्या टपावर कुणाची तरी बोट बांधलेली दिसेल, हेही मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी धरणाचं पाणी सुटलं आणि दिगू राफ्ट घेऊन खाली गेला. थापांचा सराव मलाच घ्यावा लागणार होता. त्यासाठी बोटीत बसणं भाग होतं. बसायला काय, बसले. डोह शांत होता, फक्त वरच्या अंगाला सुटलेल्या पाण्याचा आवाज घुमत होता. पथक माझ्याभोवती गोल करून तरंगत होतं. नवख्यांच्या बोटी सरळ राहत नाहीत, कुणाचं तोंड काठाकडे, कुणाचं डोंगराकडे.

"संयोगिता, तू आधी. उलटी हो, थापा मार, थांब. मी नाक आणून देते."

ती उलटली. तीन थापा वाजल्या, ढोल बडवावा तशा. दोन दणकट हात बाहेर आले. मी निघाले, पण जोरात वल्हवेना. जवळ गेलं की ती धरणार, बोट डुगडुगणार, हे मला कळत होतं. मी कचरत, तिरकी गेले. तिचा हात नाकावर पडायच्या ऐवजी माझ्या वल्ह्यावर पडला, आणि त्या पंज्यानं वल्हं असं धरलं की विचारता सोय नाही. तिचं डोकं वर आलं, अर्थात आधी. अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर, वल्ह्याला लोंबकळत ती मला कलवू लागली.

"सोड!" मी ओरडले. "सोड! सोड!"

तिचे डोळे विस्फारले. तिनं दात आवळले आणि सगळ्या ताकदीनिशी ओढलं.

मी उलटी झाले.

पाणी नाकात गेलं. वल्हं हातात नव्हतं. तेच हिरवं, तेच काळं व्हायला लागलेलं. माझा हात झाकणाच्या पट्ट्यावर गेला आणि या वेळी तो लगेच सापडला. मुठीत आला. ओढला की सुटले, पोहत काठाला, काठावरून पनवेलला. मी ओढणारच होते.

पण मला राग आला. इतका की भीतीला जागा उरली नाही. त्या पैलवानिणीचा राग, दिगूचा राग, डॉक्टरांचा, जे माझ्या कानाला कधी भेटलेच नव्हते त्यांचा. मी पट्टा टाकला आणि रागानंच बोटीच्या बुडावर हात हाणला. तेव्हा कळलं, आपण थाप मारलीय. मग दुसरी मारली. तिसरी मारताना रडू येत होतं, पाण्याखाली ते कुणाला दिसायचं? हात बाहेर काढले. वर हाताला गार वारा लागत होता. मी हात हलवत राहिले आणि काहीच येईना.

मग आलं ते बोटीचं नाक नव्हतं. उलट्या बोटीवरून कुणीतरी आडवं पडून पलीकडचा काठ धरला, दुसऱ्या हातानं माझ्या जॅकेटचा खांदा धरला आणि मला बोटीसकट उलथून वर काढलं. मी वर आले ती डोकं आधी काढून, अगदी नवख्यासारखी.

"तुमीच म्हनलासा!" संयोगिता माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडत होती. "तुमीच म्हनलासा, ओढ! ओढ!"

"सोड म्हणत होते मी! सोड!"

"आँ?" तिनं हेल्मेट कानांवरून मागे सारलं. कानातून पाणी आलं. "मला ओढ ऐकाया आलं. म्हटलं वस्ताद सांगत्यात तर ओढू या."

इंगवल्यांना हसू आवरेना. ते हसता हसता स्वतःच उलटायला आले. मी खोकत होते आणि हसतही होते.

"आनि थांबलासा किती वो!" संयोगिता म्हणाली. "मी उठलो तुमच्या वल्ह्यावर, मग दोनी वल्ही घेऊन गोल गोल फिरतोय, बोटीचं नाक काय तुमच्याकडं वळंना. मग टाकून दिलो वल्ही आनि हातानं पानी तोडत आलो. कुस्तीत खाली पडलेल्या जोडीला उलथवत्यात तसं उलथवलो तुमाला. चुकलो का?"

"नाही," मी म्हटलं. "नाही चुकलीस."

दिगू दुपारी परतला तेव्हा मी काठावर ओल्या केसांनी बसले होते. त्यानं राफ्ट सोडून आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"भिजलं?"

"हो." मग जे इतके दिवस गिळलं होतं ते बाहेर पडलंच. "दिगू, त्या दिवशी तू कुठे होतास?"

"कुठे म्हणजे?"

"मी भोवऱ्यात उलटी होते तेव्हा."

तो माझ्याकडे बघत राहिला, मी काही विचित्र बोलल्यासारखा. "अगं, तुझ्या शेजारी होतो. माझी बोट तुझ्या बोटीला लागलेली. दोन्ही हात मोकळे ठेवून बसलो होतो."

"खोटं."

"पाहुण्यांना विचार. त्यांनी फोटो काढलेत."

"मग उचललं का नाहीस?"

"तू थाप मारलीस?"

मी ओले केस पिळू लागले.

"गेल्या वर्षी मी तुला न विचारता उचललं होतं," दिगू म्हणाला. "सगळ्या पाहुण्यांसमोर तू मला काय म्हणालीस? 'मी बोलावलं होतं का तुला? मला उठता येतं.' तेव्हापासून ठरवलं, हिला हात लावायचा तर थाप ऐकून. ती काही येईना. उल्का आहे, उठेल, म्हणत बसलो. मग राहवेना, म्हटलं शिव्या खाऊ, हात घातला, तेवढ्यात तूच सुटलीस." त्याचा आवाज जरा चढला. "मला झोप येत नाही गं त्यानंतर. आणि तू रोज मला कानाच्या नि पाठीच्या थापा मारतेस. दहा मारतेस! त्यातली एक बोटीला मारली असतीस तर?"

मी इतकी वर्षं लोकांना थापा मारायला शिकवत होते. स्वतः आयुष्यात एकदाही मारली नव्हती. त्या दिवशी पाण्याखाली हात मोकळे होते, तरी ते माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी दिगूसमोर बसून रडले. त्याला काय करावं ते कळेना, म्हणून तो राफ्टमधली हवा सोडायला लागला.

"ते राहू दे," मी म्हटलं. "बोट काढ तुझी."

पथक डोहात गोल गोल फिरत होतं. मी मध्यभागी गेले. "ऐका. मला भीती वाटते. दसऱ्यानंतर मी पाण्याखाली गेले नव्हते, आज संयोगितानं ओढेपर्यंत. कान-बिन काही दुखत नाहीत. आता मी आपणहून उलटी होणार आहे. आणि उठणार नाही. मला काढायचं."

कुणी हसलं नाही. "कुनी काढायचं?" इंगवल्यांनी विचारलं.

"जो येईल त्यानं."

मी कलले. कान पाण्याला लागला, हात धरायला काहीतरी शोधू लागले. भीती कुठेही गेली नव्हती. मी तिच्यासकट उलटी झाले. गार हिरव्या पाण्यात डोकं खाली लोंबत होतं. हात वर नेला आणि तीन थापा मारल्या, सावकाश, मोठ्यानं. मग हात बाहेर काढले.

आणि मग सगळ्या बाजूंनी बोटी आल्या. एक माझ्या बोटीवर आदळली, दुसरी त्या पहिलीवर, वर काहीतरी आरडाओरडा चालला होता, एका वल्ह्यानं माझी बोटं ठेचली. डाव्या हाताला एक नाक लागलं, उजव्याला दुसरं. दोन्ही घट्ट धरून वर आले तेव्हा पाचही जण आणि दिगू माझ्याभोवती एकमेकांत अडकून पडले होते, आणि कोण आधी पोचलं यावरून संयोगिता नि इंगवल्यांचं जुंपलं होतं.

"मॅडम, सोडा की आता," इंगवले म्हणाले. "आमाला बोट फिरवता येईना."

मी सोडलं नाही.